तापणारा ॲम्प आणि हातातलं घड्याळ

लांबच्या रस्त्याला लागून वीसेक मिनिटं झालेली असतात. आवाज मनासारखा लागलेला, बास छातीत जाणवतोय, आणि एकदम सगळं गप्प. डिकी उघडून पाहावं तर ॲम्प्लिफायरवरचा हिरवा दिवा लाल झालेला आणि त्याची धातूची पाठ इतकी तापलेली की हात ठेववत नाही. दहा मिनिटांनी गाणं आपोआप पुन्हा सुरू. माझ्या गाडीत हे रोज होत होतं, आणि पहिला आठवडा मी ‘ॲम्पच गेला’ असं धरून वाया घालवला.

ॲम्प शाबूत होता. त्याच्या आत हीट सिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पाठीला) लागून तापमान ओळखणारा एक छोटा भाग असतो. बहुतेक ॲम्पमध्ये साधारण 80 ते 100 अंश सेल्सिअसच्या दरम्यान कुठेतरी मर्यादा ठरवलेली असते. ती ओलांडली की आउटपुट तुटतं, थंडावलं की जुळतं. त्यामुळे नुसता चटका बसला म्हणून घाबरू नये. 55-60 अंशांच्या धातूवरही हात टिकत नाही आणि कित्येक ॲम्पना तेवढं तापणं रोजचंच असतं.

कारण शोधायला बसाल तेव्हा आधी घड्याळ बघा. बंद पडायला वीस मिनिटं आणि परत यायला दहा मिनिटं लागत असतील तर मामला उष्णतेचा आहे, कारण एवढा धातू तापायला आणि निवायला तेवढा वेळ लागतोच. बासच्या ठोक्यासरशी आवाज क्षणभर जाऊन लगेच येत असेल तर व्होल्टेज कोसळतंय. आणि आवाज वाढवल्याबरोबर बंद पडून, स्विच बंद-चालू केल्याशिवाय परत येतच नसेल, तर स्पीकरची तार कुठेतरी बॉडीला किंवा एकमेकींना टेकत असण्याची शक्यता मोठी. दाराच्या बिजागरीपाशी दबलेली तार हे त्याचं नेहमीचं ठिकाण.

आता उष्णता येते कुठून ते पाहू. बॅटरीतून घेतलेली सगळी वीज स्पीकरपर्यंत जात नाही. उरलेली ॲम्पमध्येच उष्णता होऊन राहते. क्लास डी प्रकारचे ॲम्प 80 ते 90 टक्के वीज पुढे पाठवतात, कारण त्यांचे ट्रान्झिस्टर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद एवढंच करतात. जुन्या पद्धतीच्या क्लास एबीमध्ये ते अर्धवट उघडलेल्या नळासारखे राहतात, आणि त्या अर्धवटपणातच वीज जळते. गणित तर फारच मजेशीर आहे. 100 वॅटचा आदर्श क्लास बी ॲम्प (एबीचा हा सख्खा भाऊ) एकसारखा सूर पूर्ण ताकदीने वाजवताना साधारण 27 वॅट उष्णता काढतो. तोच 40 वॅटवर आणला तर 40 वॅट! म्हणजे आवाज थोडा कमी केला तर ॲम्प उलट जास्त तापू शकतो. खऱ्या ॲम्पमध्ये हे आकडे आणखी वर जातात.

यावर भर पडते ती स्पीकरच्या ओहम्ची, म्हणजे त्याच्या रोधाची: तो जितका कमी तितका प्रवाह जास्त. 4 ओहम्चे दोन स्पीकर समांतर जोडले की ॲम्पला 2 ओहम् दिसतात; प्रवाह दुप्पट, आतली उष्णताही दुप्पट. ब्रिज केलेल्या (दोन चॅनेल मिळून एकच स्पीकर चालवणाऱ्या) ॲम्पमध्ये 4 ओहम्चा एकच सबवूफर लावला तरी प्रत्येक चॅनेलच्या वाट्याला 2 ओहम् येतात. ॲम्पवर ‘ब्रिज किमान 4 ओहम्’ असं छापलेलं असताना खाली 2 ओहम् जोडलेले मी पाहिलेत, आणि मग पंखा लावून काहीही भागत नाही. स्पीकरची तार ॲम्पपासून सोडवून मल्टीमीटरने मोजा. 4 ओहम्चा स्पीकर साधारण 3.2 ते 3.6 दाखवतो. 1 च्या आसपास दिसलं तर कॉइल जळालेली किंवा तार शॉर्ट.

गेनबद्दलही बोलायला हवं. गेन म्हणजे आवाजाचा दुसरा नॉब असं समजून तो शेवटपर्यंत फिरवला जातो. त्याचं काम फक्त स्टिरिओकडून येणाऱ्या सिग्नलशी ॲम्प जुळवणं. तो जास्त ठेवला की लाटांचे माथे कापले जातात, आणि तेवढ्याच उंचीची चौकोनी झालेली लाट मूळ गोल लाटेच्या दुप्पट शक्ती मागते. संगीतात ठोक्यांच्या मधे जी विश्रांती असते तीही भरून जाते, मग ॲम्पला निवायला सवडच मिळत नाही. बास बूस्ट 6 डेसिबलने वाढवणं म्हणजे त्या पट्ट्यात चौपट वॅट मागणं.

माझ्या गाडीतलं कारण मात्र यातलं कुठलंच नव्हतं. अर्थची तार (वीज गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परत नेणारी) सीटखालच्या एका बोल्टला कसलेली होती. लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) चकचकीत, नट घट्ट. मीटर ओहम्वर ठेवून तपासलं तर वाचन निर्दोष. इथेच फसगत होते: साध्या मल्टीमीटरच्या तारांचाच रोध शोधत असलेल्या दोषाहून कितीतरी मोठा असतो. मोजायचं ते गाणं मोठ्याने चालू असताना, आणि व्होल्टमध्ये. इंजिन चालू ठेवून मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला आणि दुसरी ॲम्पच्या अर्थ टर्मिनलला लावली. 0.1-0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको होतं. ठोक्याला 0.9 व्होल्ट दिसले. प्रवाह 30 अँपिअर धरला तर त्या वाटेत 27 वॅट जळत होते, छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढे.

नट सोडवला तर लगखाली गाडीच्या रंगाचा अखंड थर. विजेला वाट मिळत होती ती फक्त बोल्टच्या आट्यांमधून. पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा पांढऱ्या धातूपर्यंत घासली, लग पुन्हा कसला, गंज चढू नये म्हणून वरून ग्रीस लावलं. वाचन 0.06 व्होल्ट.

पण अर्थ तापत होता तर ॲम्प का तापावा? ॲम्पच्या आत 12 व्होल्टचे जास्त व्होल्ट करणारा एक पुरवठा असतो. ज्यांच्यात तो नियंत्रित असतो, ते व्होल्टेज घटलं की तेवढीच शक्ती मिळवायला जास्त प्रवाह ओढतात. 400 वॅटसाठी 14 व्होल्टला सुमारे 29 अँपिअर लागतात, 11 व्होल्टला 36. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे दीडपटीहून जास्त. त्यातले मॉसफेट (या पुरवठ्यातले ट्रान्झिस्टर) तापले की त्यांचा स्वतःचा रोधही वाढतो, आणि चक्र फिरत राहतं. बारीक पॉवर वायरनेही हेच होतं, विशेषतः तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारेने. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे 1.6 पट. अशा वेळी जास्त प्रवाहाने फ्यूज उडाला तरी मोठा फ्यूज घालू नका. फ्यूज तारेला आगीपासून वाचवण्यासाठी असतो.

जागेचं थोडक्यात सांगतो. ॲम्प उलटा टांगला की गरम हवा त्याच्याच पोटात अडकते. गालिच्यात गुंडाळला, सामानाखाली दाबला, तरी तेच. हीट सिंकच्या पात्यांवरून हवा खालून वर जाईल एवढी मोकळी जागा हवी.

एवढं करूनही तापत असेल तर सगळे स्पीकर आणि सिग्नलच्या तारा काढून ॲम्प नुसता चालू ठेवा. काहीच काम नसताना तो कोमट राहिला पाहिजे. चटका बसण्याइतका तापला तर दोष आत आहे: बायस (ट्रान्झिस्टरमधून कायम वाहणारा ठरावीक प्रवाह) सरकलाय, थर्मल पेस्ट (ट्रान्झिस्टरची उष्णता हीट सिंककडे नेणारा लेप) वाळलीय, किंवा गाडीच्या हादऱ्यांनी ट्रान्झिस्टर हीट सिंकवर दाबून धरणारा स्क्रू सैल झालाय. मग तो दुरुस्तीला नेताना सोबत कागदावर तीन गोष्टी लिहून न्या: चालू असताना टर्मिनलवरचे व्होल्ट, स्पीकरचे ओहम् आणि बंद पडायला लागलेली मिनिटं.