मेस दुर्बीण

लडाखमधील हानले येथे सुमारे ४,२७० मी. उंचीवर उभारलेली, अवकाशातून येणारे अतिउच्च ऊर्जेचे गॅमा किरण हेरणारी दुर्बीण. मेस (एमएसीई) हे ‘मेजर ॲटमॉस्फेरिक चेरेनकॉव्ह एक्सपेरिमेंट’ या नावाचे लघुरूप. भाभा अणुसंशोधन केंद्राने हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या व इतर भारतीय उद्योगांच्या साहाय्याने ती बांधली. औपचारिक उद्घाटन ४ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. चाचणी निरीक्षणे त्याआधीच सुरू झाली असल्याने तिचे वय केवळ या तारखेपासून धरणे योग्य वाटत नाही.

केंद्राचा पत्ता जुन्या मराठी लेखनात ‘तुर्भे’ असा आढळतो आणि नवी मुंबईकराचा तेथे सहज घोटाळा होतो. ते तुर्भे म्हणजे ठाणे खाडीच्या पश्चिमेचे ट्रॉम्बे. ठाणे–वाशी लोकलचे तुर्भे स्थानक खाडीच्या पूर्वेस आहे. १९५६ साली ट्रॉम्बेला सुरू झालेल्या अप्सरा अणुभट्टीच्या पाण्यात जो निळा उजेड दिसे, तोच चेरेनकॉव्ह प्रकाश मेस हवेत टिपते.

गॅमा किरण जमिनीपर्यंत पोचत नाही. वातावरणात उंचावर तो इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी निर्माण करतो, तिच्यातून आणखी कण उपजतात. हवेतील प्रकाशाहून वेगाने धावणारे हे कण निळसर झळक सोडतात. ती सेकंदाचे जेमतेम काही अब्जांश भाग टिकते. २१ मी. व्यासाच्या परावर्तकात ३५६ फलक असून प्रत्येकावर चार, असे एकूण १,४२४ धातूचे आरसे आहेत. एकेक आरसा अर्ध्या मीटरहून किंचित लहान. कॅमेऱ्यात अंधूक प्रकाशाचे विद्युत्‌संकेतात रूपांतर करणाऱ्या १,०८८ प्रकाशगुणक नलिका आहेत. अवकाशातून येणारे प्रोटॉन आणि त्यांच्यापासून हवेत उपजणारे म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखे, पण जड कण) यांच्यामुळेही अशीच झळक उमटते, म्हणून खरी कसोटी निवडीची असते : गॅमा किरणाची प्रतिमा निमुळती, लंबगोल उमटते, प्रोटॉनची विस्कटलेली, आणि जवळून गेलेल्या म्यूऑनची कड्यासारखी. ठाण्यात गच्चीवर तळहात उघडा धरला, तरी मिनिटाला शंभरेक म्यूऑन त्यातून आरपार जातात. हानलेची उंची, कोरडी हवा व गडद रात्र मात्र खाडीकाठी मिळत नाही.

मेसला जगातील दुसऱ्या क्रमांकाची म्हणण्याची प्रथा आहे. नामिबियातील हेस या गॅमा-किरण वेधशाळेच्या मोठ्या दुर्बिणीचा व्यास २८ मी. आहे. परंतु स्पेनच्या ला पाल्मा बेटावरील २३ मी. व्यासाच्या अशाच दुर्बिणीचे उद्घाटन २०१८ मध्येच झाल्याने व्यासानुसार मेसला तिसरे स्थान देणे अधिक सयुक्तिक ठरते. आशियातील सर्वांत मोठी आणि या आकाराच्या गॅमा दुर्बिणींत सर्वाधिक उंचीवरची, या दोन विशेषणांना मात्र बाध येत नाही.

गॅमा दुर्बिणींचे मापन सामान्यतः क्रॅब अभ्रिकेवरून ताडून पाहतात. १०५४ साली दिसलेल्या अतिदीप्त नवताऱ्याचा (सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्याचा) हा अवशेष सुमारे ६,५०० प्रकाशवर्षे दूर आहे. ठाणे जिल्ह्यातील वांगणीला रात्र जागवणारे आकाशनिरीक्षक थंडीत तो साध्या दुर्बिणीतूनही शोधतात. वृषभाच्या दक्षिणेकडील शिंगाच्या टोकाशी नजर थोडी तिरकी ठेवली, की धुरकट ठिपका दिसू लागतो.