शुगरच्या फाइलीतला लिव्हरचा आकडा

परवा गोव्यात पेडण्याला गेले तेव्हा मामांची शुगरची फाइल चाळली. १४ वर्षांची जाडजूड फाइल, पानापानावर एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, पेनाने गोल केलेला, आणि मध्येच सोनोग्राफीचा एक रिपोर्ट, "ग्रेड टू फॅटी लिव्हर", त्याच्यावर मात्र पेनाची एक रेघ नाही. मामा म्हणाले, "अगो, ते आता सगळ्यांनाच असतं."

असतं हे खरंय. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या सर्व्हेचे आकडे आले त्यात डायबेटिसमध्ये गोवा देशात पहिला, २६.४ टक्के, म्हणजे चार मोठ्या माणसांत एक, आणि टाइप टू शुगरवाल्यांत निम्म्याहून जास्त लोकांच्या लिव्हरमध्ये चरबी सापडते. पण म्हणून ते साधं होत नाही ना! शुगर असली की लिव्हरच्या कॅन्सरचा धोका साधारण दुप्पट-अडीचपट होतो, हे कितीतरी अभ्यासांत दिसलंय.

होतं काय, शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं आणि ते आधी लिव्हरमध्येच पोचतं. तिथे चरबी साठते, सूज येते, पेशी मरतात, नव्या होतात, परत मरतात, आणि जखम भरल्यावर राहतो तसा वण लिव्हरमध्ये पडत जातो, तो फायब्रोसिस, फार वाढला की सिरोसिस. पेशी इतक्या वेळा नव्याने बनताना डीएनएत चुका राहून जातात, वर जास्तीचं इन्सुलिन त्यांना वाढायला जोर देतंच. आणि एवढं होऊन बरीच वर्षं दुखत काहीच नाही.

म्हणून वण किती पडलाय ते बघायचं. त्याचा पहिला अंदाज फाइलीतल्या जुन्या रिपोर्टांवरूनच निघतो, फिब-फोर म्हणतात त्याला. एएसटी आणि एएलटी ही रक्तात मोजली जाणारी लिव्हरची एन्झाइम्स. वय गुणिले एएसटी करायचं, मग त्याला प्लेटलेट (हजारात) गुणिले एएलटीचं वर्गमूळ या गुणाकाराने भागायचं. मामांचं वय ५८, एएसटी ४८, एएलटी ४९, प्लेटलेट १ लाख ८० हजार. मोबाइलवर केलं, २.२ आलं. १.३ च्या खाली असेल तर सहसा काळजी नसते, वर असेल तर पुढे फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी. एएलटी थोडंसंच वर होतं म्हणून इतकी वर्षं कोणी थांबून बघितलंच नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

सिरोसिस निघाला तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, गाठ लहान असताना सापडावी म्हणून. नाही निघाला तर वजन ७ ते १० टक्के उतरवलं तरी चरबी आणि सूज बरीच कमी होते, वणसुद्धा थोडा मागे येऊ शकतो. दारू मात्र शुगरच्या जोडीला नकोच. मामांनी उर्राकची, म्हणजे काजूच्या दारूची, बाटली मामीकडे दिली, फायब्रोस्कॅन सोमवारी आहे.