नाणेजडित सुवर्णालंकार, रोमन

सम्राटाची छबी असलेले सोन्याचे नाणे किंवा पदक न वितळवता कोंदणात बसवून घडवलेले दागिने. त्यांत लोलक व हार विशेष आढळतात. इ. स. तिसऱ्या शतकात, साधारणतः सेव्हेरस घराण्याच्या काळापासून, त्यांचा प्रसार वाढला. नाण्याला सहसा भोक पाडत नसत. पातळ पत्र्यात छिन्नीने आरपार जाळी कोरून (‘ओपस इंटरासिले’) चौकट करीत आणि तीत नाणे असे बसवीत की दोन्ही बाजू दिसाव्यात.

प्रथेच्या आरंभाविषयी मतभेद आहेत. दुसऱ्या शतकातील विधिज्ञ पोंपोनियस याच्या मते, रत्नांप्रमाणे वापरल्या जाणाऱ्या जुन्या सोन्या-चांदीच्या नाण्यांचा उपभोगाधिकार मृत्युपत्राने देता येतो. हे वचन सम्राट जस्टिनियनच्या ‘डायजेस्ट’ या कायदेसंकलनात टिकले आहे. त्यात नुसता नाणेसंग्रह अभिप्रेत असावा, असेही सुचवले जाते. परंतु ती नाणी अंगावर मिरवली जात, हा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो.

नाण्यावरून दागिना कधीच्या आधीचा नाही एवढेच ठरते. इंग्लंडमधील हॉक्सन येथे 1992 मध्ये सापडलेल्या, खांद्यांवरून व काखांखालून घेऊन छाती-पाठीवर जोडायच्या साखळीत सम्राट ग्रेशियनचा (कार. 367–383) सॉलिडस (रोमन सोन्याचे नाणे) आहे, त्याची चौकट मुळात सुट्या लोलकाची असावी. याउलट सम्राट पहिल्या कॉन्स्टंटाइनच्या दुहेरी सॉलिडसाच्या बहुकोनी लोलकांचा काळ बराच आवळता येतो. सिर्मियम (आता सर्बियात) येथे 321 मध्ये पाडलेल्या या नाण्याच्या मागे क्रिस्पस व दुसरा कॉन्स्टंटाइन हे त्याचे पुत्र समोरासमोर आहेत. क्रिस्पसला 326 मध्ये देहदंड झाला. त्यानंतर त्याची छबी कुणी हौसेने गळ्यात घातली असेल, हे संभवत नाही. चौकटीतून पुढे आलेली छोटी मानवी मस्तके हे या लोलकांचे वैशिष्ट्य.

साम्राज्याबाहेरील उदाहरणांत सिलाजशोमयो (आता रोमानियात) येथे 1797 व 1889 मध्ये सापडलेले पुरलेले निधी महत्त्वाचे. ते अनुक्रमे व्हिएन्ना व बुडापेस्ट येथे आहेत. पदके बहुधा रोमन सम्राटांनी तिकडच्या सरदारांना दिलेल्या भेटी. चौकटी रोमन कारखान्यातल्या की स्थानिक सोनारांच्या, हा वाद आहे. बहुतेक अभ्यासकांचा कल दुसऱ्या मताकडे आहे.

बायझंटिन काळात सायप्रसमधील, सम्राट मॉरिस टायबेरियसच्या पदकांच्या कंबरपट्ट्यापर्यंत ही परंपरा दिसते. दख्खनमध्ये तेर व कोंडापूर येथे रोमन नाण्यांवरून केलेली, ओवण्याजोगी मातीची पदके मिळाली आहेत.