घरी आलेला मृत्यू आणि हाताशी असलेले सहा तास

अवयवदान म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो अतिदक्षता विभाग, व्हेंटिलेटर आणि सायरन वाजवत धावणारी रुग्णवाहिका. हृदय, यकृत यांच्या बाबतीत ते बरोबरही आहे. मेंदू मृत झालेला असतो, पण यंत्राच्या आधारावर रक्ताभिसरण चालू असतं, अशाच अवस्थेत सहसा हे अवयव काढले जातात. घरी, अंथरुणात हृदय थांबलेल्या माणसाचे नातेवाईक म्हणूनच म्हणतात, "आता काय उपयोग?" उपयोग आहे. डोळ्याचा पारदर्शक पडदा आणि त्वचा या ऊती आहेत. हृदय बंद पडल्यावरही काही तास त्या दुसऱ्याच्या कामी येऊ शकतात.

डोळ्याचा हा पडदा, म्हणजे कॉर्निया, शरीरातली एक विलक्षण चीज आहे. त्यात रक्तवाहिन्याच नसतात. प्राणवायू तो मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या थरातून घेतो. त्यामुळे रक्तपुरवठा थांबल्याचा फटका त्याला हृदयासारखा लगेच बसत नाही. मात्र त्याच्या आतल्या अंगाला पेशींचा एकच थर असतो. पडद्यात झिरपणारं पाणी या पेशी सतत बाहेर उपसतात, म्हणून तो पारदर्शक राहतो. निरोगी प्रौढ डोळ्यात दर चौरस मिलिमीटरला अशा साधारण २००० ते ३००० पेशी असतात आणि मेलेल्या पेशींच्या जागी नव्या येत नाहीत. मृत्यूनंतर उष्णता आणि कोरडेपणा त्यांची संख्या घटवत जातो. म्हणूनच नेत्रपेढीला फोन केला की पलीकडचा माणूस सांगतो, पंखा बंद करा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. एसी असेल तर चालू ठेवा. आपल्याकडे ६ तासांची मुदत सांगतात ती याचसाठी. ब्रिटनमध्ये २४ तासांपर्यंत नेत्रदान होऊ शकतं. आपल्याकडे मृतदेह बहुधा घरातच असतो आणि अंत्यसंस्कारही त्याच दिवशी उरकतात, त्यामुळे तेवढी सवड मिळत नाही.

त्वचेचं गणित वेगळं. कॉर्नियाच्या पेशी जिवंत हव्यात. दान केलेली त्वचा मात्र ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये (म्हणजे ग्लिसरीनमध्ये), सुमारे ४ अंश सेल्सिअसला ठेवतात. त्यात पेशी मरतात, पण त्वचेची वीण शाबूत राहते, आणि अशी त्वचा ५ वर्षांपर्यंत टिकते. मोठ्या प्रमाणात भाजलेल्या रुग्णाच्या अंगावर स्वतःची पुरेशी त्वचाच उरलेली नसते. उघड्या जखमेतून पाणी आणि प्रथिनं पाझरतात, जंतू आत शिरतात. परकी त्वचा तिथे कायमची रुजत नाही, काही आठवड्यांत शरीर ती नाकारतं. पण तेवढ्या काळात जंतुसंसर्ग आणि वेदना कमी होतात, आणि रुग्ण स्वतःच्या त्वचेचं रोपण होईपर्यंत तग धरतो. रक्तगट जुळवावा लागत नाही. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० सालापासून त्वचापेढी आहे, ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही आहे.

घरच्यांना सगळ्यात मोठी भीती असते ती विद्रूपतेची. त्वचा मांड्या, पोटऱ्या आणि पाठीवरून घेतात. चेहऱ्याला हात लावत नाहीत. डर्माटोम नावाच्या उपकरणाने कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ पट्टी निघते, खालची त्वचा तशीच राहते. रक्ताभिसरण थांबलेलं असल्याने भळाभळा रक्त येत नाही. वर बँडेज बांधून पथक निघतं, साधारण पाऊण तासात. डोळ्यांना त्याहूनही कमी वेळ लागतो. रक्ताचा नमुना घेतात, एचआयव्ही आणि काविळीच्या बी, सी विषाणूंच्या तपासणीसाठी. नंतर आंघोळ, नवी साडी, दर्शन, सगळं नेहमीसारखं होतं. चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, मधुमेह, रक्तदाब यांपैकी काहीही असलं तरी दान करता येतं. वयस्कांच्या डोळ्यांत पेशी कमी असतात, त्यामुळे काही कॉर्निया रोपणाच्या कसोटीला उतरत नाहीत, हेही खरं. पण त्वचेला वयाची वरची मर्यादा नाही, आणि घरी वारणारे बहुतेक वयस्कच असतात.

मग अडतं कुठे? माझ्या मते विचारणारं कोणी नसतं, तिथे. मानवी अवयव आणि ऊती प्रत्यारोपण कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या बाबतीत दानाविषयी विचारणं डॉक्टरांचं कर्तव्य ठरलं. प्रशिक्षित तंत्रज्ञालाही डोळे काढायची मुभा मिळाली, म्हणजे प्रत्येक घरी शल्यविशारद पोचायची गरज उरली नाही. पण घरी झालेल्या मृत्यूबाबत विचारण्याची जबाबदारी कोणावरच नाही. दानाची इच्छा लिहून दिलेलं संकल्पपत्र कपाटात असतं, ते भरणारा आता बोलू शकत नाही, आणि मुलं नातेवाइकांना फोन करण्यात गुंतलेली असतात. कोणाच्या लक्षात येईपर्यंत चार तास गेलेले असतात.

त्या घरात एक माणूस मात्र हमखास येतो, मृत्यूचा दाखला देणारा फॅमिली डॉक्टर. दानासाठीही मृत्यूची खात्री डॉक्टरनेच करावी लागते. त्याने दाखला लिहितानाच "डोळे, त्वचा द्यायची का?" एवढं विचारलं आणि जवळच्या पेढीचा नंबर समोर ठेवला, तर निम्मं काम तिथेच होईल. अनेक पिढ्यांचे आजार ज्याने पाहिले त्याच्या तोंडून हा प्रश्न कोणालाच उद्धट वाटणार नाही. वैद्यकीय संघटनांनी आणि नगरपालिकांनी दाखल्याच्या नमुन्यातच त्यासाठी एक ओळ घालावी, असं मला मनापासून वाटतं.

अपघाती मृत्यूंची गोष्ट थोडी निराळी. तिथे शवविच्छेदन आणि पोलिसांची परवानगी आड येते असा समज आहे. प्रत्यक्षात शवविच्छेदनासाठी आणलेल्या देहातूनही दान घेण्याची तरतूद याच कायद्यात आहे. आणि हे मृत बहुधा तरुण असतात, म्हणजे त्यांच्या कॉर्नियात पेशी भरपूर असतात. शवागारात नेत्रपेढीचा समुपदेशक नेमायला हवा तो इथेच, पंचनामा चालू असतानाच नातेवाइकांशी बोलण्यासाठी.