कवळीची पारख

तोंडात एकही दात उरला नाही की बसवतात ती संपूर्ण कवळी. टेबलावर सगळ्याच कवळ्या देखण्या दिसतात. पारख होते ती तोंडात.

वरची कवळी टाळूभर पसरते आणि लाळेच्या पातळ थरामुळे धरून राहते. पुढचे दात बोटाने बाहेरच्या बाजूला रेटताच ती सुटली, तर मऊ टाळूजवळची मागची कड हवाबंद नाही. खालच्या कवळीला जिभेसाठी जागा सोडावी लागते, म्हणून तिची बैठक लहान. त्यात दात गेल्यावर खालचे हाड वरच्याच्या सुमारे चौपट झिजते. तक्रार बहुतेक खालचीच असते, आणि दर वेळी दोष बनवणाऱ्याचा नसतो. मात्र जीभ ओठांवरून फिरवताना कवळी उचलली जात असेल, तर तिच्या कडा लांब असू शकतात.

जबडा सैल असताना वरच्या-खालच्या दातांत २ ते ४ मिमी फट हवी. दोन्ही कवळ्यांची मिळून उंची जास्त झाली की ही फट कमी होते आणि बोलताना दात खटखटतात. कमी झाली की हनुवटी वर येते, ओठांचे कोपरे चिरतात. उंची तपासायला रुग्णाकडून एकसष्ट ते एकोणसत्तर हे आकडे मोठ्याने म्हणवून घ्यावेत आणि त्यांतला ‘स’ ऐकावा. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले दोन वेगळे ‘च’ही ऐकावेत.

चावणी रंगीत कागदावर कळते: ठिपके दोन्ही बाजूंना सारखे उमटायला हवेत. हिरडीला कुठे टोचते हे पाहायला आतून पांढरी पेस्ट लावून कवळी दाबतात; पेस्ट सरकून कवळीचे गुलाबी ॲक्रिलिक (प्लास्टिक) उघडे पडले, की तेवढेच घासायचे.

मराठवाड्यात रुग्णाचा प्रश्न एकच: भाकरी खाता येईल का? येते, पण कडक ज्वारीची भाकरी पुढच्या दातांनी तोडली तर चांगली कवळीही मागून सुटते. तुकडा हाताने मोडून दोन्ही बाजूंच्या दाढांखाली घ्यावा. हे जमायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर कवळीला नावे ठेवू नयेत.

बसवल्यावर दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने तपासणी लागते. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात लांबच्या गावाहून एसटीने यायचे म्हणजे दिवस मोडतो. मग फेरी टळते आणि खुपणारी कवळी डब्यात जाते. तपासणीला येताना मात्र ती आदल्या दिवसापासून घातलेली असावी, नाहीतर हिरडीवरची लाल खूण मिटते आणि घासायचे कुठे हेच कळत नाही.