बारा वर्षं कपाटात पडून राहिलेली मैफल

अमेरिकन जॅझ बँडप्रमुख आणि क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या १९३८ सालच्या, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधल्या मैफलीची ध्वनिमुद्रिका मी ऐकायला घेतली ती चुकीच्या टोकाकडून, म्हणजे शेवटाकडून. ‘सिंग, सिंग, सिंग’ हा तुकडा सुमारे बारा मिनिटांचा आहे. जीन क्रुपाचे ड्रम सुरुवातीपासून घुमत असतात, ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन अंगावर येतात, गुडमनची क्लॅरिनेट वर वर चढत जाऊन एका उंच स्वरावर अलगद विझते. आता सगळे मिळून शेवट करणार असं वाटतं, तोच पियानो सुरू होतो. जेस स्टेसी हा बँडचा पियानोवादक. या गाण्यात एरवी त्याच्या वाट्याला असा तुकडा नसायचा. त्या रात्री गुडमननं त्याला खूण केली आणि तो जवळजवळ दोन मिनिटं एकटा वाजवत राहिला. क्रुपानंही हात हलका केला. एवढ्या दणदणाटानंतर देवघरात बसल्यासारखं वाटतं. या दोन मिनिटांसाठी मी अख्खी मैफल पुन्हा पहिल्यापासून ऐकली.

गुडमन १९०९ सालचा, शिकागोचा. रशियन साम्राज्यातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबातल्या बारा भावंडांपैकी तो नववा. १९३४च्या अखेरीस त्याला ‘लेट्स डान्स’ या रेडिओ कार्यक्रमात काम मिळालं. वाजवायला नव्या चिजा हव्या होत्या. त्या फ्लेचर हेंडरसन या कृष्णवर्णीय बँडप्रमुखाकडून आल्या. त्याचा स्वतःचा बँड तेव्हा डबघाईला आलेला होता. स्विंगचा, म्हणजे मोठ्या बँडांच्या नाचत्या जॅझचा, बादशहा म्हणून पुढे नाव झालं गुडमनचं, पण ब्रास (ट्रम्पेट, ट्रॉम्बोन ही पितळी वाद्यं) आणि सॅक्सोफोन यांच्यातली ती सवाल-जवाबाची रचना मुळात हेंडरसनच्या बँडची होती, हे विसरून चालत नाही.

रेडिओचा हा कार्यक्रम न्यूयॉर्कला मध्यरात्रीच्या सुमारास ऐकू यायचा, म्हणजे निम्मं शहर झोपल्यावर. कॅलिफोर्नियात मात्र घड्याळ तीन तास मागे, त्यामुळे तिथल्या तरुण पोरांना तो ऐन वेळेला सापडायचा. १९३५च्या उन्हाळ्यात बँड दौऱ्यावर निघाला तेव्हा वाटेत बहुतेक ठिकाणी थंडा प्रतिसाद होता. २१ ऑगस्टला लॉस एंजेलिसच्या पालोमार बॉलरूममध्ये हेंडरसनच्या चिजा निघाल्या आणि पोरं स्टेजभोवती गोळा झाली. स्विंगच्या काळाची सुरुवात लोक या रात्रीपासून मोजतात.

अडीच वर्षांत मजल कार्नेगी हॉलपर्यंत गेली. ही कल्पना मूळ एका प्रसिद्धी-सल्लागाराची. गुडमन आधी बिचकला होता म्हणतात. आणि बिचकणं साहजिक होतं. बॉलरूममधलं, घामाघूम होऊन नाचायचं संगीत सिंफनीच्या सभागृहात खुर्चीत बसून ऐकायचं! लावणी उचलून ख्यालगायनाच्या सभेत नेण्यासारखंच ते. मध्यंतर किती मिनिटांचं हवं असं विचारल्यावर गुडमननं ‘तोस्कानिनी किती घेतात?’ असा, शास्त्रीय वाद्यवृंदाच्या त्या नामवंत संचालकाचं नाव घेऊन, उलट प्रश्न केल्याची गोष्ट सांगतात. १६ जानेवारी १९३८, रविवारची रात्र. तिकिटं संपलेली, सर्वात महाग तिकीट पावणेतीन डॉलरचं, आणि काही श्रोत्यांना तर थेट रंगमंचावरच खुर्च्या मांडून बसवलेलं. पहिली चीज जरा अवघडलेलीच निघाली. मग क्रुपानं ड्रमवर एक जोरकस फटकारा मारला, श्रोते ओरडले आणि बँड सैल झाला. तो क्षण मुद्रिकेत स्पष्ट ऐकू येतो.

रंगमंचावर कोण होतं, हेही तेव्हा साधं नव्हतं, कारण गोरे आणि कृष्णवर्णीय वादक सहसा एकत्र रंगमंचावर बसत नसत. गुडमनच्या चौकडीत पियानोवर टेडी विल्सन आणि व्हायब्राफोन या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्यावर लायनेल हॅम्प्टन, दोघेही कृष्णवर्णीय. शिवाय बँडप्रमुख काउंट बेसी आणि त्याच्या बँडातला लेस्टर यंग, ड्यूक एलिंग्टनकडचे जॉनी हॉजेस आणि कूटी विल्यम्स पाहुणे म्हणून आले होते. या पाहुण्यांपैकी बहुतेकांना एकत्र बसवून केलेला लांबलचक जॅम, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसं वादन, मला मात्र रेंगाळल्यासारखा वाटतो. नावं मोठी, पण गाडी रुळावर यायला वेळ लागतो.

हे सगळं टिकलं ते एका घरगुती भेटवस्तूमुळे. अल्बर्ट मार्क्सनं आपली बायको हेलन वॉर्ड हिच्यासाठी मैफल मुद्रित करवून घेतली. हेलन पूर्वी गुडमनच्याच बँडात गायची. रंगमंचावर टांगलेला एक मायक्रोफोन, तिथून स्टुडिओपर्यंत तार, आणि तिथे तबकड्या कोरल्या जात होत्या. एका तबकडीत काही मिनिटंच मावायची, म्हणून एक संपायच्या आत दुसरी सुरू करायची. एक संच गुडमनला मिळाला आणि त्याच्या घरातल्या कपाटात गेला. तेव्हा त्याचं करणार तरी काय? बाजारातल्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-चार मिनिटांची. १९३७ साली ‘सिंग, सिंग, सिंग’ स्टुडिओत मुद्रित केलं तेव्हा ते मोठ्या तबकडीच्या दोन्ही बाजूंवर तोडून घालावं लागलं होतं.

१९४८ साली कोलंबिया कंपनीनं एलपी ही जास्त वेळ वाजणारी तबकडी आणली आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागलं. १९५० साली कपाटातल्या तबकड्या सापडल्या आणि त्याच वर्षी दोन एलपींचा संच निघाला. मोठ्या बँडांचा जमाना एव्हाना ओसरला होता, तरी संच दहा लाखांवर खपला. १९९९ साली जॅझचे अभ्यासक फिल शाप यांनी तो नव्यानं काढताना सुरांबरोबर तबकड्यांची खरखरही बरीचशी राहू दिली. काहींना ती खटकते. मला आवडते, कांदे तळताना स्वयंपाकघरातून येणाऱ्या आवाजासारखी ती मागे चालू असते आणि थोड्या वेळानं कानाला जाणवेनाशी होते.

मराठी कानाला हा ठेका फार परका वाटत नाही, त्यालाही कारण आहे. १९३५पासून मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकन जॅझ बँड वाजत होते. त्यांचं ऐकून तयार झालेले गोव्याचे वादक पुढे सिनेमाच्या वाद्यवृंदांत शिरले. त्यांपैकी हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट सी. रामचंद्रांबरोबर, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांबरोबर काम करायचा. १९५१च्या ‘अलबेला’मध्ये भगवानदादा ज्या ब्रासवर नाचतात, त्याची वाट इथूनच जाते.

कार्नेगीतली मैफल संपल्यावर वादक घरी गेले नाहीत. बरेचसे तडक हार्लेमला, सॅव्हॉय बॉलरूमला गेले. तिथे चिक वेब आणि काउंट बेसी यांच्या बँडांचा सामना लागला होता. वेबकडून एला फिट्झजेराल्ड गात होती, बेसीकडून बिली हॉलिडे. आणि तिथे कुणी खुर्चीत बसलेलं नव्हतं.