लीग वर बांधली, जिना नंतर आठवला

शिमल्यात ड्युरँड कप सुरू झाला १८८८ साली. मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ चा, कलकत्त्याची शहर लीग १८९८ ची. देशभरातल्या क्लबांनी मोसमभर एकमेकांशी खेळावं आणि शेवटी गुणतक्ता पाहून विजेता ठरवावा, अशी राष्ट्रीय लीग मात्र उजाडायला १९९६ साल लागलं. मधली शंभरेक वर्षं भारतीय फुटबॉल कपांवर जगला.

कप भरवणं सोपं असतं. दोन-तीन आठवडे एका शहरात संघ उतरतात, हरला तो रात्रीची गाडी पकडून घरी जातो. लीगला वर्षभराचं मैदान, प्रवास आणि पगार लागतो. हा पगार कोण देणार, हा आपल्या फुटबॉलचा जुना प्रश्न. कलकत्त्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या मागे सभासद होते, वर्गणी होती, पिढीजात भांडणं होती. इतरत्र खेळाडू हा मुळात नोकरदार. लष्कर, रेल्वे, बँका, गिरण्या यांचे संघ. मुंबईत टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, आरसीएफ, एअर इंडिया. सकाळी सराव, मग हजेरीपटावर सही, आणि गुडघा गेला तरी निवृत्तीपर्यंत खुर्ची पक्की. नाशिककरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. नोटांची प्रेस, विमानांचा कारखाना एचएएल किंवा रेल्वेत स्पोर्ट्स कोट्यातून लागलेला माणूस आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असतो. आणि फुटबॉल म्हटलं की आमच्याकडे अजूनही आधी लष्कराचा देवळाली कॅम्पच आठवतो.

१९९६-९७ च्या पहिल्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये १२ संघ होते. जिंकला फगवाड्याचा जेसीटी, म्हणजे पुन्हा एका गिरणीचाच संघ. सर्वाधिक गोल त्यांच्याच बायचुंग भुतियाचे. पुढच्या मोसमापासून दुसरी श्रेणीही सुरू झाली. कागदावर सगळं रीतसर होतं: तळाचे संघ खाली जातील, खालचे वर येतील. पण ही लीग अकरा मोसम चालली आणि त्यात मोहन बागान तीनदा, ईस्ट बंगाल तीनदा, डेम्पो दोनदा, साळगावकर एकदा असा हिशेब लागला. बंगाल आणि गोवा वगळता उरली दोन विजेतेपदं. एक जेसीटीचं, दुसरं २००५-०६ चं महिंद्रा युनायटेडचं.

हे दुसरं आम्हाला जवळचं. संघ मुंबईचा, मैदान कूपरेजचं, पण नाव नाशिकच्या सातपूरमधल्या महिंद्रा कारखान्याच्या गेटवरचं. आमच्या गल्लीतले एक काका तिथे फर्स्ट शिफ्टला जात. फुटबॉलमध्ये त्यांना रस नव्हता, ऑफसाइड म्हणजे काय हे शेवटपर्यंत कळलं नाही. तरी त्या वर्षी पेपरातलं कात्रण त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं, वेतनकराराच्या पत्रकाशेजारी. "आपल्या कंपनीची टीम आहे," एवढंच म्हणायचे. भारतातल्या बहुतेक शहरांना फुटबॉल संघ मिळाला तो असा, शहराच्या नावाने नाही, कंपनीच्या नावाने. आणि कंपनीचा संघ कंपनीच्या निर्णयाने चालतो आणि कंपनीच्याच निर्णयाने थांबतो. महिंद्रानं २०१० मध्ये संघ बंद केला. पुढच्या वर्षी जेसीटीही गेला.

तोपर्यंत लीगचं नाव बदललं होतं. आशियाई फुटबॉल महासंघाला क्लब व्यावसायिक हवे होते. त्यांचा आग्रह असा, की खात्याचे आणि कंपनीचे संघ पुरेसे नाहीत, स्वतंत्र नोंदणी, युवा संघ, पूर्णवेळ प्रशिक्षक पाहिजेत. त्यातून २००७ मध्ये दहा संघांची आय-लीग उभी राहिली आणि पहिला मोसम डेम्पोनं जिंकला. प्रक्षेपणाचा झी स्पोर्ट्सबरोबरचा करार मुदतीआधीच, २०१० मध्ये, मोडला. त्याच डिसेंबरात अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं आयएमजी-रिलायन्स या कंपनीशी १५ वर्षांचा, ७०० कोटींचा करार केला. भारतीय फुटबॉलचे व्यापारी हक्क एका हाती गेले. पुढे जे घडलं त्यातलं बरंचसं या एका कागदातून निघतं.

जिन्याची, म्हणजे खालून वर आणि वरून खाली जाण्याच्या वाटेची, गोष्ट इथे सांगायला हवी, कारण तीत आपला महाराष्ट्र आहे. आय-लीगमध्ये पैसा यावा म्हणून महासंघानं मोठ्या उद्योगांना थेट प्रवेश दिला. खालच्या श्रेणीतून येण्याची अट नाही. जेएसडब्ल्यूचा बेंगळुरू एफसी असाच २०१३ मध्ये आला आणि पहिल्याच मोसमात लीग जिंकून गेला, त्यामुळे कल्पना सगळ्यांना पटली. २०१५-१६ मध्ये पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स त्याच दारातून आत आला. त्यांना आणखी एक सवलत होती, सुरुवातीची काही वर्षं खाली जायचं नाही. मोसम संपला तेव्हा नऊ संघांत शिवाजीयन्स नववे होते आणि मिझोरमचा ऐजॉल एफसी आठवा. शेवटच्याला सवलत, म्हणून त्याच्या वरच्याला पायउतार व्हावं लागलं. शाळेच्या मैदानावर असं झालं असतं तर पोरांनी चेंडू घेऊन घरचा रस्ता धरला असता.

मग गोव्यात ठिणगी पडली. वरची लीग कुठली यावरून महासंघाशी बिनसलं आणि डेम्पो, साळगावकर, स्पोर्टिंग गोवा यांनी आय-लीग सोडली. जागा रिकाम्या झाल्या म्हणून ऐजॉलला परत बोलावलं. त्यांनी प्रशिक्षक आणला खालिद जमील, जो कधीकाळी महिंद्राकडून खेळला होता. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये शेवटचा सामना लाजाँगशी १-१ असा सुटला आणि ऐजॉल ३७ गुणांनी विजेता ठरला. मोहन बागान एका गुणाने मागे. वर्षापूर्वी खाली ढकललेला संघ देशाचा विजेता! डीएसके शिवाजीयन्सचा संघ त्या मोसमानंतर आय-लीगमध्ये दिसला नाही. पुण्याचा पुणे एफसी, जो २०१२-१३ मध्ये दुसरा आला होता, तो त्याआधीच बंद पडला होता.

गोवेकर चिडले होते ते इंडियन सुपर लीगवरून. १२ ऑक्टोबर २०१४ ला सॉल्ट लेकवर अॅटलेटिको द कोलकातानं मुंबई सिटीला ३-० हरवलं आणि आयएसएल सुरू झाली. आठ शहरं, सचिन, हृतिक, रणबीर मालकांच्या रांगेत, मैदानावर देल पिएरो आणि ट्रेझेगे हे परदेशी तारे, गोव्याच्या प्रशिक्षकाच्या बाकावर झिको. धाटणी आयपीएलची, खेळ दोन-अडीच महिन्यांचा. माझं मत विचाराल तर प्रेक्षक आणि टीव्ही या लीगनंच आणले, ते नाकारण्यात अर्थ नाही. नाशिकची पोरं भारतीय क्लबची जर्सी घालताना मी पाहिली ती २०१४ नंतरच. पण रचना बंद दाराची होती. फ्रँचायझी विकत घ्यायची, खाली जाण्याची भीती नाही, खालून कोणी येण्याचा संभव नाही.

काही वर्षं देशात दोन लीग शेजारी शेजारी चालल्या आणि वरची कुठली हे कोणी नीट सांगेना. शेवटी आशियाई महासंघाच्या आराखड्यानुसार २०१९-२० पासून आयएसएल पहिली श्रेणी झाली, आय-लीग दुसरी. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल २०२० मध्ये आयएसएलमध्ये गेले. पुण्याच्या आयएसएल संघाचं, पुणे सिटीचं, बिऱ्हाड त्याआधीच हैदराबादला हललं होतं, त्यामुळे महाराष्ट्रातून वर उरली फक्त मुंबई सिटी. २०२०-२१ मध्ये तिनं साखळीतलं पहिलं स्थान आणि अंतिम सामना दोन्ही जिंकलं. आय-लीगच्या विजेत्याला वर घ्यायला २०२२-२३ चा मोसम उजाडला. आधी पंजाब, मग कोलकात्याचा मोहमेडन वर आला. वरून खाली मात्र २०२५ पर्यंत कोणी गेलेलं नव्हतं.

२०२५ मध्ये कागदावरचा जिना असा होता: सर्वात वर आयएसएल, खाली आय-लीग, त्याखाली आय-लीग २, मग २०२३ पासून आय-लीग ३, आणि तिच्या पायाशी राज्यांच्या लीग. नाशिकचा एखादा क्लब जिल्ह्यात जिंकून, राज्यात नाव काढून या पहिल्या पायरीवर पाय ठेवू शकतो. प्रत्येक पायरीला परवाना आहे, म्हणजे वयोगटाचे संघ, स्वतःचं किंवा करारावरचं मैदान, पात्र प्रशिक्षक, हिशेब. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सकाळी सहाला जाऊन पाहा. मधल्या पट्ट्यात क्रिकेटच्या तीन मॅचा एकमेकींत घुसलेल्या, कडेनं चालणाऱ्या आजोबांची रांग, आणि कोपऱ्यात दोन दप्तरांचा गोल. चेंडू पिचवर गेला की शिवी ऐकून आणायचा. परवान्याच्या अर्जात मैदानाच्या रकान्यात यातलं काय लिहायचं?

जिन्याच्या वरच्या टोकाचं तरी बरं चाललं होतं म्हणावं, तर तिथेही २०२५ मध्ये कुलूप लागलं. आयएमजी-रिलायन्सशी झालेला तो १५ वर्षांचा करार डिसेंबरात संपणार होता, नव्याचं ठरेना, महासंघाच्या घटनेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात. ११ जुलैला आयएसएलच्या चालकांनी मोसम थांबवल्याचं क्लबांना कळवलं. नोव्हेंबरात हक्कांसाठी निविदा उघडल्या तर एकही बोली आलेली नव्हती. काही क्लबांनी सराव बंद केले, खेळाडू घरी बसले. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी जाहीर केलं की १४ फेब्रुवारीपासून सर्व १४ क्लबांचा छोटा मोसम होईल. याच गोंधळात, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले खालिद जमील.

मुंबई सिटीचं घर अंधेरीत. साडेसातची किक-ऑफ असली की पंचवटी एक्स्प्रेस तोवर कल्याणच्या पुढे गेलेली असते. नाशिकहून गेलेली पोरं मग मिळेल ती रात्रीची गाडी धरतात, कसाऱ्याच्या घाटात झोपतात आणि पहाटे नाशिकच्या द्वारका चौकात उतरून सरळ कामावर जातात.